वडापावसाठी सोनं मोडू नका

नायगाव स्टेशनच्या पूर्वेला जिना उतरलं की रिक्षांच्या रांगेच्या अलीकडे एक गाडी लागते. वडापाव, समोसा, कांदाभजी हे जुनं. चायनीज भेळ आणि फ्रँकी ही अलीकडची भर, कारण मिठागरांच्या बाजूला जे नवे टॉवर उठले त्यातल्या पोरांना संध्याकाळी तेच लागतं. गाडी जूचंद्रच्या एका वहिनींची. मी आसपासच्या दुकानदारांच्या वह्या लिहितो आणि त्यांचे रिटर्न भरून देतो, त्यामुळे विरार लोकलमधून उतरलो की चहाबरोबर एखादा प्रश्न हमखास पदरात पडतो. बहुतेक वेळा तो गॅसच्या सिलिंडरचा नाहीतर पालिकेच्या पावतीचा असतो. त्या दिवशी वहिनींनी उधारीची वहीच पुढे केली.

"भाऊ, हे यूएसडीटी म्हणजे काय हो?"

झालं होतं असं. टॉवरमधला एक मुलगा, चांगल्या घरचा, घरी बसून परदेशातल्या कुणाचं कॉम्प्युटरचं काम करतो. महिनाभर खाल्लेल्याचे १८४० रुपये वहीत त्याच्या नावावर होते. तो म्हणाला, "मावशी, मला पगार यूएसडीटीतच मिळतो. तुम्हालाही त्यातच देतो, हे डॉलरच असतात, वाढले तर तुमचा फायदा." वहिनींच्या मोबाइलवर त्याने स्वतः एक वॉलेट टाकून दिलं, त्यात एकवीस यूएसडीटी पाठवले, आणि "हे कुणाला दाखवू नका" म्हणून बारा इंग्रजी शब्द उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले. लिहिताना शब्द चुकू नयेत म्हणून आधी आपल्या मोबाइलवर त्यांचा फोटोही काढून ठेवला.

पोराच्या मनात पाप नव्हतं. मी त्याला ओळखतो. पण ते बारा शब्द म्हणजे गल्ल्याची किल्ली आहे. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचे ते पैसे. जगातलं कुठलंही बँकेचं खातं असं नसतं की ते उघडून देणाऱ्याच्या खिशात त्याची दुसरी किल्ली राहावी. आणि वहिनींकडची किल्ली अशा वहीत, जी दिवसभर गाडीच्या कडेला तेलकट फडक्याखाली उघडी पडलेली असते आणि जिच्यात गिऱ्हाईक स्वतः डोकावून आपला हिशेब बघतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाववाला आला. वहिनींनी त्याला मोबाइल दाखवला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि लादीचे पैसे मागितले. रोख नाहीतर स्कॅन. तेलवाला तेच म्हणाला, बटाट्याचा व्यापारी तर हसला. मग कुणीतरी सांगितलं की हे पैसे दुसरीकडे पाठवून रुपये करून घेता येतात. वहिनींच्या भाच्याने प्रयत्न केला. पैसे दिसतात, पण हलत नाहीत. का? तर ज्या ट्रॉन नावाच्या जाळ्यावरून ते आले, तिथून पाठवायची फी यूएसडीटीत कापली जात नाही. त्यासाठी टीआरएक्स नावाचं वेगळं नाणं वॉलेटमध्ये लागतं. ते वहिनींकडे नव्हतं. खिशात नोट आहे, पण ती बाहेर काढण्यासाठी आधी दुसऱ्या देशाचं नाणं विकत घ्यायचं, असा तो प्रकार.

शेवटी त्या मुलालाच बोलावलं. त्याने थोडे टीआरएक्स पाठवले, आपले यूएसडीटी परत घेतले, आणि १८४० रुपये यूपीआयने चुकते केले. या येण्याजाण्यात फीपोटी त्याचे अडीच-तीनशे रुपये गेले. यूपीआयला लागले वीस सेकंद, आणि गाडीवरच्या डब्यातून बाई बोलली तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं की पैसे आले.

हे सगळं मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण नायगाव, वसई, विरारच्या गाडीवाल्यांना, छोट्या हॉटेलवाल्यांना आणि विशेषतः त्यांच्या विशी-पंचविशीतल्या गिऱ्हाइकांना माझी हात जोडून एक विनंती आहे. रोजच्या खाण्यापिण्याचे पैसे यूएसडीटी, बिटकॉइन अशा क्रिप्टोत देऊ नका आणि घेऊ नका. क्रिप्टो बाळगणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं, कर भरावा, जोखीम आपली आपण सोसावी. पण वडापावच्या गाडीवर क्रिप्टोचं काम नाही.

क्रिप्टोत पैसे देण्याची कल्पना कुठून आली, ती गोष्टही खाण्याचीच आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत फ्लोरिडातल्या लाझ्लो हॅन्येझ नावाच्या प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. पिझ्झाच्या दुकानाने बिटकॉइन घेतले नव्हतेच. एका मुलाने लाझ्लोकडून बिटकॉइन घेतले आणि त्याच्यासाठी नेहमीच्या पैशांनी पिझ्झा मागवले. तेव्हा त्या दहा हजारांची किंमत चाळीस डॉलरच्या आसपास होती. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनने एक लाख डॉलरची पातळी ओलांडली. म्हणजे त्या भावाने ते दोन पिझ्झा शंभर कोटी डॉलरचे झाले. लोक दरवर्षी २२ मे आला की त्याला हसतात. मला तो माणूस मूर्ख वाटत नाही. त्याला दाखवायचं होतं की या आकड्यांनी खरी वस्तू घेता येते, आणि ते त्याने दाखवलं. पण हसणाऱ्यांनी त्यातून काय धडा घेतला? "खर्च करू नका, धरून ठेवा." आता सांगा, जी वस्तू प्रत्येकाला धरूनच ठेवायची आहे ती चलन कशी होणार? आपल्या आज्या पुतळ्यांची माळ जपून ठेवायच्या. घरात कुणी आजारी पडलं, मुलीचं लग्न निघालं, तर त्यातली एखादी पुतळी मोडायच्या. भजी खायला कुणी पुतळी मोडली नाही.

आणि "मोडणं" हाच शब्द इथे कायद्यालाही लागू पडतो. गाडीवर नोट दिली तर तो खर्च. क्रिप्टो दिलं तर ते आधी विकणं आणि मग खर्च. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर. पगाराचा स्लॅब इथे चालत नाही. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा मिळत नाही.

उदाहरण घ्या. तुम्ही कधीतरी २०० रुपयांना घेतलेलं नाणं आज ५०० रुपयांचं झालं. ते देऊन ५०० रुपयांचा बर्गर आणि कोल्ड्रिंक घेतलं. तुमच्या लेखी तुम्ही बर्गर खाल्ला. आयकराच्या लेखी तुम्ही ३०० रुपये नफा कमावला. त्यावर कर ९० रुपये, उपकर ३ रुपये ६० पैसे. बर्गर पडला ५९३ रुपये ६० पैशांना. आता उलटं धरा. ८०० रुपयांना घेतलेलं नाणं ५०० वर आलं आणि ते दिलं. ३०० रुपयांचा तोटा झाला. हा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. जिंकलात तर सरकार भागीदार, हरलात तर एकटे तुम्ही.

आणि हा हिशेब प्रत्येक फ्रँकीमागे लिहायचा. कोणत्या तारखेला किती नाणी घेतली, काय भावाने, कोणत्या तारखेला किती दिली, त्या दिवशीचा भाव काय. रिटर्नमध्ये यासाठी वेगळं परिशिष्टच आहे. माझ्याकडे मागच्या वर्षी एक मुलगा असे एकशे बारा व्यवहार घेऊन आला होता. त्यातले निम्मे शंभर-दोनशे रुपयांचे. त्याचा कर निघाला किरकोळ, पण कागद जुळवायला मला दोन रविवार लागले. फी सांगताना मलाच लाज वाटली. (घेतली मात्र.)

गाडीवाल्याच्या बाजूनेही पाहा. त्याने ५०० रुपयांचं क्रिप्टो घेतलं तर ती त्याची ५०० रुपयांची विक्री झाली, धंद्याच्या उत्पन्नात धरायची. मग ते नाणं त्याच्याकडे पडून ७०० रुपयांचं झालं आणि त्याने विकलं, तर वरच्या २०० वर पुन्हा ३० टक्के. एक्स्चेंजवर विकताना एक टक्का टीडीएस कापला जातो, हा जुलै २०२२ पासूनचा नियम. एक्स्चेंजची फी वेगळी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. वड्यामागे जे चार-पाच रुपये सुटतात, त्यातून हे कुठून भागवायचं?

आता भावाचं बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या घरात होता. बरोबर वर्षाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६,००० च्याही खाली गेला. त्या वर्षात बटाटा किती उतरला? पाव किती उतरला? गाडीवाल्याची खरेदी रुपयात, भाडं रुपयात, मुलाची शाळेची फी रुपयात. कमाई तेवढी झोपाळ्यावर कशाला ठेवायची? "यूएसडीटी तर डॉलरला बांधलेला असतो" असं पोरं सांगतात. बांधलेला असतो हे खरं, आजवर टिकलाही आहे. पण मे २०२२ मध्ये टेरायूएसडी नावाचं असंच डॉलरला बांधलेलं नाणं काही दिवसांत दोर तोडून पार तळाला गेलं. दावं कुणाच्या हातात आहे हे न बघता म्हैस विकत घेऊ नये.

वेळेची तक्रार मी करणार नाही, कारण ती आता अर्धीच खरी आहे. बिटकॉइनच्या मूळ जाळ्यात नोंदींचा एक गठ्ठा साधारण दहा मिनिटांनी लागतो. मोठी रक्कम असेल तर सहा गठ्ठे थांबा म्हणतात, म्हणजे तासभर. तोवर वडा थंड, लोकल भाईंदरच्या पुढे. पण त्यावर लायटनिंग नावाची सोय निघाली आहे, तिच्यात काही सेकंदांत पैसे जातात. अमेरिकेतल्या स्टेक अँड शेक या बर्गरच्या साखळीने मे २०२५ पासून त्याच मार्गाने बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. तेव्हा "होऊच शकत नाही" असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. होतं. प्रश्न आहे की आपल्याला त्याची गरज काय. गर्दी झाली की फी कशी उसळते याचीही आठवण ठेवा. २० एप्रिल २०२४ रोजी बिटकॉइनच्या मूळ जाळ्यावर एका व्यवहाराची सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. स्टीम हे कॉम्प्युटर गेम विकणारं मोठं ऑनलाइन दुकान, पण डिसेंबर २०१७ मध्ये त्यानेही याच फीला आणि भावाच्या उड्यांना कंटाळून बिटकॉइन घेणं थांबवलं.

एल साल्वादोर या छोट्या देशाने तर ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलनच केलं होतं. तिथे मॅक्डोनाल्ड्समध्ये बिटकॉइनने न्याहारी करता येत होती. दुकानदारावर सक्ती होती. तरी सामान्य माणसाने ते फारसं वापरलं नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या अटींपुढे तिथल्या सरकारने ती सक्ती काढून टाकली. देशाच्या अध्यक्षाने जोर लावूनही जे भाजीबाजारात रुळलं नाही, ते आपल्या गाडीवर एका पोराच्या हौसेने रुळेल का?

आपल्याकडेही प्रयोग झाले. मुंबईत वरळीतल्या कलोनियल नावाच्या एका छोट्या रेस्टॉरंटने २०१३ च्या अखेरीस पिझ्झाचे पैसे बिटकॉइनमध्ये घ्यायची तयारी दाखवली होती. त्याच सुमारास, २४ डिसेंबर २०१३ रोजी, रिझर्व्ह बँकेने लोकांना पहिला जाहीर इशारा दिला. २०२१ मध्ये बेंगळुरूच्या युनोकॉइनने बिटकॉइन देऊन डॉमिनोजसारख्या कंपन्यांची व्हाउचर घ्यायची सोय केली. दिल्लीत कॅनॉट प्लेसमध्ये आर्डोर नावाच्या हॉटेलने त्याच वर्षी डिजिटल थाळी काढली, क्रिप्टोत पैसे दिले तर सूट. बातम्या झाल्या, फोटो आले. मग करांचे नियम आले.

मध्यंतरीचा कायद्याचा प्रवासही थोडक्यात माहीत असलेला बरा, कारण पोरं अर्धवट ऐकून सांगतात की "सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आहे." रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना क्रिप्टोच्या धंद्याला सेवा देऊ नका असं सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. एवढंच. त्यामुळे क्रिप्टो चलन झालं नाही. कायदेशीर चलन म्हणजे रिझर्व्ह बँकेची नोट आणि सरकारचं नाणं. क्रिप्टोत उधारी फेडतो म्हणणाऱ्याला गाडीवाला सरळ नाही म्हणू शकतो, त्यात भांडण नाही.

गंमत बघा, इथे काही दुकानांत दहाचं नाणं देऊन पाहा. "हे चालत नाही" असं तोंडावर सांगतील. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदा नक्षींची यादी देऊन सांगितलं की दहाची सगळी नाणी चालतात, तरी गल्लेवाला तोंड वाकडं करतो. सरकारी टांकसाळीतलं नाणं चालत नाही, आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं हे माहीत नाही ते मात्र मोबाइलमध्ये घ्यायला तयार. दुकानदार सुटे नाहीत म्हणून दोन रुपयांऐवजी चॉकलेट देतो, तेव्हा आपण चिडतो. का चिडतो? कारण उद्या तीच चार चॉकलेटं घेऊन त्याच्याकडे साबण मागितला तर तो देणार नाही. क्रिप्टो हे त्या पोराने वहिनींना दिलेलं चॉकलेट होतं. पाववाल्याने ते घेतलं नाही.

आता थोडं कडू बोलतो.

काही धंदेवाल्यांच्या मनात वेगळंच असतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी बघून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बेंगळुरूत कितीतरी गाड्यांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. ती बातमी इकडे आली तेव्हा मला तिघांनी विचारलं, "क्रिप्टोत घेतलं तर दिसत नाही ना?" दिसतं. क्रिप्टोची ब्लॉकचेन ही अशी चोपडी आहे जिचं पान फाडता येत नाही आणि जी कुणीही उघडून वाचू शकतो. शिवाय मार्च २०२३ पासून देशातली एक्स्चेंजेस काळा पैसा रोखण्याच्या कायद्याखाली आली आहेत. तुमचं पॅन, आधार, सेल्फी सगळं त्यांच्याकडे असतं. लपायला जाऊन उलट चौकात उभं राहाल. आणि लपायचं कारण तरी काय? खाण्याच्या धंद्यात वर्षाची विक्री २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. रोज गाडी लावलीत तर दिवसाला साधारण साडेपाच हजारांच्या विक्रीला ती मर्यादा येते. त्याच्या पुढे गेलात तर आनंद माना आणि जीएसटीची कंपोझिशन योजना घ्या, ५ टक्क्यांत मिटतं. माझ्यासारख्या वहीवाल्याला चहा पाजलात तरी तो फॉर्म भरून देईल.

दुसरं, आणि हे आईबापांनी नीट वाचा. गाडीवर क्रिप्टो देणारा मुलगा क्वचित भेटतो. पण मोबाइलवर "यूएसडीटी विका, बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देतो" म्हणणारे रोज भेटतात. तुमचा मुलगा एकवीस नाणी विकतो, समोरून त्याच्या खात्यात रुपये येतात, तो खूश. ते रुपये कुणाच्या तरी म्हातारपणाच्या ठेवीतून फसवून काढलेले असतात. आठवड्याने कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या पोलिसांच्या सांगण्यावरून बँक त्याचं खातं गोठवते. पगार अडकतो, घराचा हप्ता चुकतो, आणि आपण चोर नाही हे पटवायला त्याला वकील शोधावा लागतो. अनोळखी माणसाला क्रिप्टो विकून थेट खात्यात पैसे घेऊ नका. महिन्याला पाच-दहा हजार देतो, तुझं खातं वापरायला दे, असं कुणी म्हणालं तर त्याचा चहाही पिऊ नका.

टोरेसचं प्रकरण लांबचं नाही. दादरला दागिन्यांचं मोठं दुकान, एक शाखा इथून दोन स्टेशनांवर मीरा रोडला. खडा घ्या, दर आठवड्याला व्याज घ्या. दादरच्या भाजीवाल्यांनी, घरकाम करणाऱ्या बायकांनी पैसे लावले. जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात शटर खाली आलं आणि रस्त्यावर माणसं रडली. तो पैसा परदेशी न्यायला क्रिप्टो वापरल्याचं तपास यंत्रणांनी म्हटलं. त्याआधी गेनबिटकॉइनचं झालं, महिन्याला दहा टक्के, दीड वर्ष, असं आश्वासन. पुणे पोलिसांकडे २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले. ज्याने फसवायचं ठरवलं त्याच्या हातात क्रिप्टो हे सोयीचं पोतं आहे, कारण एकदा गेलं की परत मागायला दार नाही. यूपीआयने चुकून दुसऱ्याला पैसे गेले तर बँकेत जाता येतं, तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फसवणूक झाली तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करता येतो, आणि जितक्या लवकर कराल तितके पैसे अडण्याची शक्यता जास्त. क्रिप्टो चुकीच्या पत्त्यावर गेलं तर कुणाला फोन करणार? जाळंच वेगळं निवडलं, तर कधी सापडतं, कधी कायमचं जातं. एक्स्चेंजवर ठेवलं म्हणून सुरक्षित, असंही नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरांनी पळवली. ज्यांची नाणी तिथे होती त्यांना एक वर्षाहून अधिक काळ आपल्याच पैशांकडे बघत बसावं लागलं.

ज्यांची मुलं, भाऊ आखातात, इस्रायलमध्ये, जहाजावर आहेत अशी घरं वसईच्या पट्ट्यात पुष्कळ. तिकडून "क्रिप्टोने पाठवतो, फी वाचेल" असा निरोप आला तर थांबा. परदेशातली कमाई बँकेच्या किंवा अधिकृत रेमिटन्सच्या वाटेने येऊ द्या. त्याची पावती पुढे घर घेताना, कर्ज काढताना कामी येते. टॉवरमधल्या त्या मुलालाही मी हेच सांगितलं. तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, बँकेत पैसे टाक. त्याला पटलं की नाही ठाऊक नाही, मान मात्र हलवली.

मग नव्या पोरांनी हौस कुठे करायची? नवं काहीतरी हातात हवं असेल तर रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया आहे. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत तो लोकांसाठी प्रयोग म्हणून सुरू झाला. मुंबईत मिंट रोडला रिझर्व्ह बँकेच्या मुख्यालयाजवळच बसणारा एक फळविक्रेता तो घ्यायला लागला, आणि जानेवारी २०२३ मध्ये आनंद महिंद्रांनी त्याच्याकडून डाळिंबं घेतली ती डिजिटल रुपया देऊनच. त्यात एक रुपया म्हणजे एक रुपयाच, त्यात नफा-तोटा नाही, म्हणून बर्गरवर कर नाही. नोटेसारखाच तो रिझर्व्ह बँकेचा. पण खरं सांगू का, त्याचीही वहिनींना गरज नाही. वीस रुपयांच्या वड्याला यूपीआय लाइट पुरतं, पिन टाकावा लागत नाही. छोट्या दुकानदाराला यूपीआयवर कमिशन द्यावं लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात यूपीआयचे २,००० कोटींवर व्यवहार झाले. यूपीआय कधीकधी बंद पडतं, हे खरं. म्हणून गल्ल्यात थोडे सुटे आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पन्नासची एक नोट, एवढी जुनी शिस्त अजून मोडायला नको.

क्रिप्टो ज्याच्याकडे आहे त्याला एकच सांगणं. ते पुतळीच्या डब्यात ठेवलंय असं समजा. बुडालं तरी घर चालेल एवढंच ठेवा. ते बारा शब्द कागदावर लिहा, घरात कुलपात ठेवा, फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर पाठवू नका, आणि बायकोला नाहीतर आईला तो कागद कुठे आहे ते सांगून ठेवा. उद्या तुम्हाला काही झालं तर वारसाचा दाखला घेऊन जायला तिथे शाखा नाही.

परवा पुन्हा गाडीवर गेलो. वहिनी भजी तळत होत्या. वही तिथेच, तेलकट फडक्याखाली. मी सहज मागचं पान उलटून पाहिलं, तर ते फाडलेलं. म्हटलं, "वहिनी, ते शब्द कुठे गेले? रिकामं असलं तरी जपून ठेवायचं होतं."

"अहो भाऊ, पाववाल्याला महिन्याचा हिशेब लिहून द्यायला कागद नव्हता. मागची बाजू कोरी होती ना."